दारात सांगितलेलं दुखणं

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला मी आयुष्यात कधी पत्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं, वाचणाऱ्याला चहा पाजला असता आणि वर म्हणाला असतात, "येवढं फोनवर सांगाया काय झालं हुतं तिला?" आता फोन लागायचा नाही, आणि दोन बातम्या तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दोन्ही याच आठवड्यातल्या आहेत. लहान बातमी आधी सांगते, मोठी मागाहून.

लहान बातमी अशी, की मी पास झाले.

परदेशात नर्स म्हणून जाणाऱ्यांची ती इंग्रजीची परीक्षा, जिच्यापायी तुम्ही मला सकाळच्या भाकरीतून सूट दिली होती, तीच. पहिल्या खेपेला नापास, दुसऱ्या खेपेला नापास, तिसऱ्या खेपेला पास. काठावर नाही, चांगली पास! लिहिणं-वाचणं मला आधीही जमायचं. दोन्ही वेळा मी बोलण्यात आपटले होते. या वेळी बोलण्यातच सगळ्यात जास्त मार्क पडले. मोबाइलवर निकाल आला तेव्हा मी वॉर्डात बेडवरची चादर बदलत होते. ओरडायची सोय नव्हती, म्हणून ती चादर अशी ताणून घातली की मेट्रन बघत राहिल्या. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर हसले. थोडी रडलेही, पण तुम्हाला रडकी सून आवडायची नाही, म्हणून हसल्याचंच लक्षात ठेवा.

तुमच्या लेकाला फोन केला तर गॅरेजात कुठल्याशा बुलेटचा आवाज चालू होता. तीन वेळा सांगावं लागलं. कळल्यावर तो एवढंच म्हणाला, "आई पायजे हुती." तेव्हापासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

तुमच्या घरी आले तेव्हा सासूला आत्याबाई म्हणायचं हेही मला नवीन होतं. माझे वडील वाईच्या शाळेत शिपाई, लहानपण घाटाजवळच्या दोन खोल्यांत गेलं. धनगराची लेक, पण मेंढराच्या अंगाला हात लावलेला नव्हता. तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात कडेगावच्या पुढच्या माळावर नेलंत. दिवस मावळायला आला होता. मेंढरं एकेक करून वाडग्यात, म्हणजे काट्यांच्या कुंपणात, शिरत होती आणि तुम्ही तोंडाशी उभ्या होतात.

"बघ, ह्यातलं कंचं आजारी हाय?"

मला सगळी सारखीच दिसली. मी म्हणाले, सगळी बरी आहेत की.

तुम्ही हसलात. "मेंढरू कवा सांगत न्हाई, बाई. मागं राहिलं की लांडगा त्येलाच धरतो, म्हणून ते आजार लपिवतं. आपुनच बघायचं. चारा धरतंय का, रवंथ करतंय का, चालताना मागं पडतंय का."

आणि कळपातून एकीचा कान धरून तिला बाजूला काढलंत. दुसऱ्या दिवशी ती तापानं फणफणली. मी नर्सिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन आले होते, आणि हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मेंढरांच्या दुखण्याला तुमच्याजवळ किती शब्द होते! खुरकूत, देवी, फुगारा, हगवण, त्यातही हिरवी वेगळी आणि पातळ वेगळी. आणि स्वतःच्या दुखण्याला? बरं हाय. ताप असला तरी बरं हाय, गुडघा सुजला तरी बरं हाय. कारणही तुम्हीच सांगितलं होतं. मेंढरं घेऊन कोकणात उतरताना कुणी एकानं "मला बरं न्हाई" म्हटलं की सगळी माणसं, सगळी जनावरं तिथंच थांबायची, चाऱ्याचे वांधे व्हायचे. म्हणून कुणी म्हणायचंच नाही. पन्नाशीपर्यंत तुम्ही चालत होतात. ती सवय मग शहरात, विश्रामबागेतल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात येऊनही सुटली नाही.

शिवाय आपल्याकडची ती रीत. पाहुणा आला, कसं काय म्हणाला, की आधी बरं हाय. मग त्याच्या घरचं, मेंढरांचं, पाण्यापावसाचं. मग चहा. खरं दुखणं बाहेर पडायचं ते पाहुणा उठून चपला घालताना, दारात. तुमची थोरली जाऊ आठवते? दोन तास बसल्या, जेवल्या, पान खाल्लं, आणि दारात एक पाय बाहेर टाकून म्हणाल्या, "आन् पिशवी काढाय सांगितलीय बरं का डाक्टरनं." मी चकितच झाले. तुम्ही मात्र त्यांचा हात धरलात, "बस मग," म्हणालात आणि त्यांना परत आत आणून बसवलंत. पुढचा तासभर खरी गोष्ट झाली. मला तेव्हा वाटलं होतं, काय ही माणसं! हेच आधी बोलायला काय होतं?

इंग्रजीचा क्लास लावला तेव्हा मी अशीच शहाणी होते. मला वाटायचं, इंग्रजीत दुखण्याला एकच शब्द, पेन. आपल्याकडे बघा, कळ, चमक, उसण, ठणका, कणकण, ठसठस! मी वर्गात बढाई मारली आणि मॅडमनी फळाच भरून टाकला. ठणक्याला थ्रॉबिंग, चमकेला शूटिंग, मुक्या दुखण्याला डल. घरी येऊन तुम्हाला सांगितलं की गोऱ्यांच्यातही चमक भरते. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "त्यांचंबी कंबरडं हाडामासाचंच आसंल की."

मॅडमचा पुढचा धडा मात्र माझ्या डोक्यात पक्का बसला. त्या म्हणायच्या, पुस्तकातले आजार पाठ करू नका, लोक घरात, दुकानात, बसमध्ये काय बोलतात ते ऐका. तिकडचा माणूस कामाला कंटाळला की म्हणतो मी याला सिक झालोय. पाहुणे जास्त दिवस राहिले की हेडेक. शेजारी त्रास देणारा असला तर तो मानेतलं दुखणं. क्रिकेट आलं की फीवर. आपणही कुणाला डोक्याला ताप म्हणतोच की. पण त्याच माणसाला खरोखर ताप आला, छाती भरली, पायातलं बळ गेलं, तर तो काय म्हणतो? अ बिट अंडर द वेदर. म्हणजे हवा जरा बरी नाही, एवढंच. ऑफ कलर, म्हणजे रंग जरा उतरलाय. आणि म्हाताऱ्यांचं ठरलेलं, मस्टन्ट ग्रम्बल, माणसानं कुरकुर करू नये. धडधाकट माणूस आजाराचे शब्द उधळतो आणि आजारी माणूस तेच शब्द दडवून ठेवतो, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं.

हे मी तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही निवडायचं थांबवलंत. "म्हंजी आपल्यातलीच हायत की ती!" म्हणालात. मला फार हसू आलं होतं. पण खरं सांगते, तुम्ही बरोबर होतात आणि मला ते कळलं नव्हतं.

घरी सरावाला पेशंट कोण? तुम्ही! मी ओट्याशी उभी राहून विचारायची, "हाऊ आर यू फीलिंग टुडे?" आणि तुम्ही खुर्चीत पाय वर घेऊन ऐटीत म्हणायचात, "फाइन." तो शब्द तुम्हाला असा आवडला की दूधवाल्यालाही फाइन, खालच्या वॉचमनलाही फाइन. तुमची नात तुम्हाला फाइनआजी म्हणायला लागली. आपण किती हसलो त्यावर! त्या महिन्यात मी पहिल्यांदा परीक्षा दिली आणि पडले. बोलण्याच्या परीक्षेत संगणकाच्या पडद्यावर परीक्षा घेणारी बाई पेशंटचं सोंग घेते. त्या पेशंटनं मी बरा आहे म्हटलं, मी खूश होऊन पुढची माहिती धडाधड सांगून टाकली. त्याला विचारायचं असं काही शिल्लक आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आता ते सांगते, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या पौषात तुमचं जेवण निम्म्यावर आलं होतं. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायचात, कठड्याला धरून खाली बघायचात. विचारलं तर म्हणायचात, "रिक्षा बघतीय." मी पाहिलं होतं आत्याबाई. चारा धरत नव्हतात, मागं पडत होतात. दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ड्युटीच्या घाईत वयावर ढकललं.

शेवटी मी तुम्हाला तपासायला घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "कसं काय आजी?" त्यांनी रोग्याला विचारावं तसं विचारलं, तुम्ही पाहुण्याला द्यावं तसं उत्तर दिलंत. "बरं हाय. तुमच्या घरची समदी बरी हायती न्हवं?" डॉक्टर हसले. बाहेर रांग होती. मी फाईल घेऊन उभी होते. मी म्हणाले, भूक लागत नाही सर, ॲसिडिटी असेल. त्यांनी गोळ्या लिहिल्या. त्यांच्यावर मी काही ढकलत नाही. शब्द माझा होता, आणि तो त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून लिहिला.

मग आपण निघालो, आणि दारात, तुमची चप्पल पायात सरकवताना, तुम्ही म्हणालात, "आगं सारके, चढ चढताना खालचं दात दुखत्यात."

आणि मी काय म्हणाले? "दात राहिलेत किती, चार! त्यांना बरं जिन्यावरच दुखायला सुचतं? दातांचा डॉक्टर वेगळा असतो आत्याबाई, सोमवारी जाऊ."

तुम्ही हसलात. "फाइन," म्हणालात.

सोमवार यायच्या आधीच तुम्ही गेलात. रविवारी सकाळी, अंघोळीचं पाणी काढता काढता.

चढताना खालच्या जबड्यात येणारी कळ हृदयाची असू शकते, बायकांच्यात तर छाती न दुखताही असू शकते, हे मी नर्सिंगच्या परीक्षेत लिहून मार्क मिळवलेली बाई आहे. तुम्ही मला रीतीप्रमाणे, दारात, अगदी खरं सांगितलं होतं. तुमच्या थोरल्या जावेला तुम्ही हात धरून परत आत बसवलंत. मी तुम्हाला रिक्षात बसवलं.

मला तुमचा रागही येतो, सांगून टाकते. शंभर मेंढरांतली एक कान धरून बाहेर काढणारी बाई स्वतःच्या बाबतीत एवढी कशी गप्प बसली? माझ्यासमोर तरी? मी काय पाहुणी होते? दहा वर्षं एका ताटात जेवलो आपण. एकदा तरी म्हणायचं होतं, सारके, मला भ्या वाटतंय. मी सगळं टाकून बसले असते. बसले असते असं वाटतं तरी.

तुमच्या दहाव्यानंतर मी नोकरी सोडायला निघाले होते. तुमच्या लेकाला कारण सांगितलं नाही. तो म्हणाला, "आईनं तुला भाकरीतनं सोडलं ते कशापायी? परीक्षा दे." म्हणून दुसऱ्यांदा बसले. पडद्यावरची बाई म्हातारीच्या आवाजात म्हणाली, आय ॲम फाइन, आणि मी पुढचं काही न विचारता पाण्याचा ग्लास उचलला. उरलेला वेळ मी पाणी पीत बसले. निकाल यायच्या आधीच मला माहीत होता.

मॅडमनी मला क्लासनंतर थांबवून घेतलं. म्हणाल्या, "सारिका, तुझं इंग्रजी कच्चं नाही. पेशंटचं पहिलं उत्तर तू शेवटचं धरतेस." त्यांना तुमच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. मी घरी चालत आले आणि वाटेत पक्कं ठरवलं की आता शब्द पाठ करायचे नाहीत, माणसं बघायची.

दुसऱ्या दिवसापासून मी एक नवीन खूळ सुरू केलं. वॉर्डातून घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी लिफ्टपर्यंत सोडायला जाऊ लागले. काम वॉर्डबॉयचं, पण मी जायचे. पिशवी धरायची, काही बोलायचं नाही, हळू चालायचं. आपली माणसं दारात बोलतात ना? मग दारात कुणीतरी उभं नको का? बाकीच्या सिस्टर मला दरवाजाची पाहुणी म्हणून चिडवायच्या. चिडवू देत. त्या लिफ्टच्या दारात मी काय काय ऐकलं! एकानं सांगितलं की गोळ्या कडू लागतात म्हणून तो उशीखाली ठेवत होता. एका बाईनं सांगितलं की लघवीला आग होते, पण डॉक्टर मुलाच्या वयाचे, त्यांना कसं सांगू. प्रत्येकाला मी परत आत घेऊन आले. डॉक्टर लोक आधी वैतागायचे. नंतर नंतर तेच विचारायला लागले, "सिस्टर, लिफ्टपाशी काय म्हणाले?"

तिसऱ्या परीक्षेला मी तुमची हिरवी साडी नेसून बसले. पडद्यावर बाई आली. खेळ असा होता, की ती सत्तरीचा म्हातारा, पायाच्या पट्टीसाठी आलाय, त्याला घरी जायची घाई आहे. मी विचारलं कसे आहात. उत्तर आलं, "ओह, मस्टन्ट ग्रम्बल, डिअर." मला हसूच फुटायचं राहिलं. म्हटलं, आला, आपल्यातला आला!

मी इंग्रजीत म्हणाले, ऐकून बरं वाटलं. आता मला सांगा, तुम्ही आणि तुमच्या मिसेस दुकानात चालत जाता तेव्हा मागं कोण राहतं? बाई जरा थांबली. मग म्हातारा म्हणाला, हल्ली मी राहतो. मी विचारलं, ताटातलं सगळं संपवता का? म्हातारा म्हणाला, फारसं नाही. मग मी नुसती बघत राहिले, जशा तुम्ही वाडग्याच्या तोंडाशी बघायचात. आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. नवीन गोळ्यांनी चक्कर येत होती, एकदा बागेत पडलाही होता, बायको घाबरेल म्हणून तिला सांगितलं नव्हतं. ते सगळं त्या बाईच्या कागदावर लिहिलेलं होतं, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही असा नियम असतो. तो नियम कुणी बनवला कोण जाणे, पण तो माणूस आपल्या माळावर राहून गेलेला असणार. रवंथाचं तेवढं विचारता आलं नाही.

झाली लहान बातमी. आता मोठी.

मंगळवारी आमच्या वॉर्डातून हौसाबाई नावाच्या एक आजी घरी जायला निघाल्या होत्या. कडेगावकडच्याच, तुमच्याच वयाच्या, कपाळावर तसंच ठसठशीत गोंदण. पायाच्या जखमेसाठी आल्या होत्या, जखम भरली. डॉक्टरांनी विचारलं, कसं काय मावशी? "बरं हाय." सही झाली. सुनेनं पिशवी भरली. मी व्हीलचेअर घेतली.

लिफ्ट यायला वेळ होता. हौसाबाई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, सहज इचारते हां. भांडी घासताना हितं पाठीत गच्च हुतंय, बसलं की जातंय. वाऱ्याचं आसंल न्हवं?"

माझे पाय तिथंच थांबले. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, "मावशी, पाण्याला जाताना बायकांच्या मागं राहताय का?"

"राहती की. आता वय झालं."

"भाकरी किती खाताय?"

सून म्हणाली, "आर्धीबी न्हाई वो. पंधरा दीस झालं."

लिफ्टचं दार उघडलं. मी व्हीलचेअर वळवली. सून घाबरली, म्हणाली गाडी खाली उभी आहे. मी म्हणाले, उभी राहू दे. नवीन डॉक्टर होते ड्युटीला, तरणा मुलगा. म्हणाला, सिस्टर, डिस्चार्ज झालाय, पाठ दुखतेय तर मलम देऊ. मी व्हीलचेअरची मूठ सोडली नाही. म्हणाले, "सर, एक ईसीजी काढू. काही नाही निघालं तर सगळ्यांसमोर मला बोला."

ईसीजीचा कागद बाहेर येत होता तसा त्या मुलाचा चेहरा बदलत गेला. पुढचं फार वेगानं झालं. मोठे डॉक्टर आले, गाडी आली, हौसाबाईंना हृदयाच्या दवाखान्यात हलवलं. संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. दोन नसा बंद होत्या, एक जवळजवळ पूर्ण. तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, घरी गेला असता तर आठवडा काढला नसता. आता दोन्ही उघडल्यात.

हौसाबाई जिवंत आहेत, आत्याबाई! तुमच्या तीन प्रश्नांतल्या दोन प्रश्नांनी त्या वाचल्या. त्या तरण्या डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी मला वॉर्डात सगळ्यांसमोर विचारलं, हे प्रश्न कुठल्या पुस्तकातले? मी म्हणाले, माझ्या सासूबाईंचे. त्यानं वहीत लिहून घेतले. खरंच लिहून घेतले.

मंगळवारी हौसाबाईंच्या सुनेचा तो फोन ठेवला आणि मी सरळ गॅरेजात गेले. तुमचा लेक चाक बसवत होता. मी त्याला तिथंच, ऑइलच्या वासात, सगळं सांगितलं. दवाखाना, ॲसिडिटी, चप्पल घालताना तुम्ही काय म्हणालात, मी काय थट्टा केली. दोन वर्षं दडवून ठेवलेलं एका दमात बाहेर आलं. म्हटलं, आता त्यानं काय वाटेल ते म्हणावं. घराबाहेर काढलं तरी चालेल.

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "त्या दिशी जिन्यात ती दोन डाव बसली. म्या बघितलं. दवाखान्याला जायला खाली रिक्षा थांबवली हुती, म्हणून म्हणालो, आई, चल की लवकर."

मी त्याच्याजवळ खाली बसले.

"मीबी कुणाला सांगितलं न्हाई," तो म्हणाला. आणि मग हात पुसून उठला. "ती हौसाबाई कुठं ठिवलीय? चल, बघून यिऊ."

आम्ही दोघं गेलो. हौसाबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि आळणी जेवणावरून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं भांडत होत्या. पुढ्यातलं ताट मात्र चाटूनपुसून साफ. तुमचा लेक त्यांच्या पायाशी उभा राहून इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. तुम्ही गेल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. येताना रस्ताभर तो तुमच्याबद्दल बोलत होता. तुम्ही घाट उतरताना कशा शिट्टी घालायचात, त्याला पाठुंगळी घेऊन नदी कशी ओलांडलीत. आम्ही दोन वर्षं घरात तुमचं नाव जपून जपून काढत होतो. आता तुम्ही पुन्हा घरभर झाला आहात.

उन्हाळ्याच्या आधी मी निघेन. सहा महिन्यांनी तुमचा लेक आणि नात येतील. बाहेर फार थंडी असते म्हणतात, म्हणून तुमच्या लेकानं तुमचं घोंगडं उन्हात टाकलंय. मी म्हटलं, विमानात घोंगडं कोण नेतं? तो म्हणाला, धनगर नेतो.

आणि आता तुम्हाला शब्द देते. तिथं पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हातारी मला हसून सांगेल की तिचं अगदी छान चाललंय, तू जा तुझ्या कामाला. मला काम असेल, घाई असेल, बाहेर घंटी वाजत असेल. तरी मी स्टूल ओढून घेईन आणि तिच्याजवळ बसेन. त्या दिवशी तुमच्या शेजारी मी फाईल घेऊन उभी होते, आत्याबाई. आता कुणाजवळही मी नुसती उभी राहणार नाही, बसेन.

तुमची सून,
सारिका